समुद्रापलीकडून बांधकामास येणारे मिशनचे स्वयंसेवक आणि आपला दुष्काळी मुलुख

दुष्काळ-निवारणाच्या कामीं सढळ हातानें साह्य करणाऱ्या व्यापारी, बागाईतदार व इतर उदारधी गृहस्थांपुढें अनेक योजना मांडल्या जातात. त्यांपैकीं एका योजनेचें स्वरूप पुष्कळांस नीट माहीत नसतें, म्हणून तिचा येथें थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे. योजना अशी कीं, अमेरिकेंतील किंवा युरोपांतील एखाद्या ख्रिस्ती मंडळीचे पंधरा-वीस सभासद स्वखर्चानें येथें येणार, आठ-दहा दिवस मुक्काम करणार, आणि एखाद्या गांवीं शाळेची खोली, दवाखान्याची भिंत, पाण्याची टाकी किंवा एखाद्या गरिबाचें घर स्वतःच्या हातांनीं बांधून देऊन स्वदेशीं परत जाणार. गांवानें जागा द्यावी आणि येथील एखाद्या दात्यानें सिमेंट, वाळू व विटा यांची भर घालावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

हें ऐकून कोणी म्हणतो, "मजुरी फुकट मिळते आहे, मग नाहीं कां म्हणावें?" दुसरा म्हणतो, "यांत धर्मप्रसाराचा डाव आहे. दारांतसुद्धां उभें करूं नये." आमच्या मतें हीं दोन्हीं उत्तरें घाईचीं आहेत. पहिल्यानें मजुरीचा हिशेब पाहिला नाहीं, व दुसऱ्यानें या प्रथेचा इतिहास पाहिला नाहीं. कोणताही दस्तऐवज वाचतांना त्यांत कोण काय देतो व त्याच्या मोबदल्यांत काय घेतो हें आधीं पाहावें, ही वकिलाची संवय येथेंही उपयोगी पडण्यासारखी आहे.

प्रथम आपल्या मुलुखाकडे पाहूं. महाबळेश्वरीं वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत ५०० मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरें गेलें म्हणतात. माण, खटाव आणि सांगलीकडील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सारा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. पाऊस गेला म्हणजे येथें पहिल्यानें धान्य संपत नाहीं; पहिल्यानें संपतें तें काम. शेतमजुरास रोज मिळत नाहीं, शेतकऱ्याच्या हातीं पैसा नसल्यामुळें तो घराची डागडुजी पुढें ढकलतो, आणि त्याबरोबर गंवडी, सुतार, पाथरवट व बिगारी हेही रिकामे बसतात. बाजारांत धान्य असतें, परंतु तें घेण्याची ऐपत नसते. ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील विचार करावयाचा आहे.

परदेशांतून येऊन येथें कांहीं बांधून जाणारे लोक एकाच प्रकारचे नाहींत. त्यांचे तीन वर्ग स्पष्ट दिसतात.

पहिला वर्ग राहावयास आलेल्यांचा. त्याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. विल्यम वॉन्लेस हे मूळचे कॅनडांतील; अमेरिकेंतील प्रेसबिटेरियन मिशनचे वैद्य म्हणून ते १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. मिरज संस्थानच्या अधिपतींनीं दिलेल्या जागेवर, अमेरिकेंतील एका धनिकाच्या देणगींतून, १८९४ सालीं मिरजेचें रुग्णालय उभें राहिलें. इमारत उभी करून वॉन्लेस निघून गेले असते तर आज त्या इमारतीची आठवण कोणी काढली नसती. ते सुमारें चाळीस वर्षें राहिले, येथील भाषा शिकले, येथील तरुणांस वैद्यकाचें व परिचर्येचें शिक्षण देऊं लागले. १९२८ सालीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली व १९३३ सालीं ते अमेरिकेंत निवर्तले. सांगली-मिरजेच्या दरम्यानची वॉन्लेसवाडी आजही त्यांचें नांव सांगते. १९६२ सालीं मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तेव्हां त्याच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणास याच रुग्णालयाचा आधार मिळाला. त्याच मिशनच्या सांगली येथील शाळेचे जॉन गोहीन यांनीं दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत 'फिरती शाळा' चालविली. शिक्षक व साहित्य घेऊन ती गांवोगांव जाई, मुक्काम करी, आणि शेतीच्या व आरोग्याच्या गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवी. या सर्वांत दगड-चुन्याचें बांधकाम हा प्रारंभ होता. मूळ काम माणसें तयार करण्याचें होतें.

याच काळांतील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळांत न्यू यॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या पत्रानें वर्गणी जमविली, आणि १९०० सालीं 'क्विटो' नांवाचें जहाज मका भरून मुंबईस पाठविण्यांत आलें. त्या जहाजानें धान्य आणलें, मजूर आणले नाहींत. वाटपाचें काम, येथें आधींच वर्षानुवर्षें राहत असलेल्या, भाषा व गांवें जाणणाऱ्या माणसांनीं पाहिलें.

दुसरा वर्ग कांहीं महिन्यांसाठीं अंगमेहनत करण्यास आलेल्यांचा. याचा उगम पहिल्या महायुद्धानंतरचा आहे. पिएर सेरेझोल हे स्विस एंजिनिअर. त्यांचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. ख्रिस्ताच्या शिकवणीशीं युद्ध जुळत नाहीं अशी त्यांची श्रद्धा होती. १९२० सालीं त्यांनीं फ्रान्समधील व्हर्दंजवळ, युद्धांत उद्ध्वस्त झालेल्या एन या खेड्यांत, निरनिराळ्या राष्ट्रांचे स्वयंसेवक नेऊन पुनर्बांधणीस हात घातला. त्यांत नुकतेच शत्रु असलेले जर्मनही होते. परंतु तें काम कांहीं महिन्यांतच थांबवावें लागलें, कारण गांवकऱ्यांच्या मनांत जर्मनांविषयीं अढी होती. गांवाची संमति नसेल तर उत्तम हेतूचेंही काम टिकत नाहीं, हा धडा त्यांस पहिल्याच प्रयोगांत मिळाला.

पुढें १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला. जमिनीची पातळी बदलून कित्येक गांवें पुराच्या पाण्यांत बुडूं लागलीं. सेरेझोल त्याच वर्षीं हिंदुस्थानांत आले, आणि बाबू राजेंद्रप्रसाद यांच्याशीं विचारविनिमय करून १९३४ ते १९३७ या काळांत थोड्या युरोपीय सोबत्यांसह मुझफ्फरपूरकडे गांवें उंच जागीं हलविण्याच्या कामीं राबले. त्यांची टोळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. हजारों रिकाम्या हातांच्या बिहारास चार युरोपीय मजुरांची गरज नव्हती, हें सेरेझोल स्वतः जाणून होते. त्यांनीं दिलें तें दुसरें कांहीं: गांवाची आंखणी, कामाची शिस्त, आणि साहेब म्हणविणारा मनुष्य खेडुताच्या शेजारीं डोक्यावर पाटी घेऊन उभा राहतो हें दृश्य.

त्या दृश्याची किंमत कमी समजूं नये. बाबा आमटे यांनीं वरोऱ्याजवळ आनंदवन वसविलें तें १९५१ सालीं. कुष्ठरोग्यांच्या त्या वसाहतीकडे गांवचे लोक फिरकत नसत. सेरेझोल यांनीं स्थापिलेल्या संस्थेचे अनेक देशांतील तरुण १९५० नंतरच्या दशकांत तेथें आले, कुष्ठमुक्तांबरोबर राहिले, जेवले, आणि त्यांनीं इमारती बांधल्या. परदेशांतील माणसें येथें निर्धास्त राबतात हें पाहून आसपासच्या लोकांची भीति ओसरूं लागली, असें आनंदवनाच्या इतिहासांत सांगितलें जातें. त्या ठिकाणीं मजुरीपेक्षां संगत मोलाची ठरली. आणि पुढील बांधकाम आनंदवनाच्या रहिवाशांनींच उचललें, हें त्याहून महत्त्वाचें.

तिसरा वर्ग आठ-दहा दिवसांच्या पाहुण्यांचा, आणि आपल्यापुढील योजना त्या वर्गांतील आहे. विमानप्रवास आटोक्यांत आल्यावर ही प्रथा फोंफावली. १९६० सालीं लॉरेन कनिंगहॅम यांनीं स्थापिलेल्या 'यूथ विथ अ मिशन'सारख्या संस्थांनीं तरुणांस थोड्या मुदतीसाठीं परदेशीं पाठविण्याचा पायंडा पाडला. घरबांधणीच्या क्षेत्रांत सर्वांत प्रसिद्ध झालेली संस्था म्हणजे 'हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी'. तिचे संस्थापक मिलर्ड फुलर हे अलाबामा प्रांतांतील वकील व व्यापारी. तिशीच्या आंतच लक्षाधीश झालेल्या या गृहस्थानें आपली मालमत्ता देऊन टाकली, जॉर्जियांतील एका ख्रिस्ती शेतवसाहतींत तो राहिला, आफ्रिकेंत झाईर येथें त्यानें घरें बांधलीं, आणि १९७६ सालीं पत्नी लिंडा हिच्यासह ही संस्था काढली.

या संस्थेच्या रीतींत तीन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. घर दान म्हणून मिळत नाहीं. घेणारानें त्याची किंमत नफ्यावांचून ठरविलेल्या हप्त्यांनीं फेडावी, व त्या पैशांतून दुसऱ्याचें घर व्हावें, हें तिचें मूळ तत्त्व. घेणाऱ्या कुटुंबानें स्वतः बांधकामावर राबलें पाहिजे, हें दुसरें. आणि धर्म न पाहतां घर द्यावयाचें, हें तिसरें. आपल्या महाराष्ट्रांत या संस्थेचा मोठा मेळा झाला तो २००६ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, लोणावळ्याजवळील पाटण या गांवीं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर, वय ८२, स्वतः हातोडा घेऊन आले, आणि देशी-परदेशी स्वयंसेवकांनीं तेथें सुमारें एका आठवड्यांत १०० घरांचें काम केलें. कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या ६८ व्या वर्षीं अमेरिकन 'पीस कोअर'मधून परिचारिका म्हणून आल्या होत्या, आणि १९६६ ते १९६८ या काळांत मुंबईच्या विक्रोळींतील गोदरेज वसाहतींत त्यांनीं रुग्णसेवा केली होती. मातेनें जवळजवळ दोन वर्षें दिलीं, पुत्रानें एक आठवडा दिला. पुत्राचा आठवडा जगानें पाहिला. परंतु अशा आठवड्यापूर्वीं पाया खणून भरणारे, सामान आणून टाकणारे व मागाहून राहिलेलें काम पुरें करणारे स्थानिक कारागीर कोणत्याही छायाचित्रांत फारसे दिसत नाहींत. आठवड्याचा मेळा यशस्वी होतो तो त्या मागच्या-पुढच्या अनेक महिन्यांच्या बळावर.

आतां मजुरीच्या हिशेबाकडे वळूं. उदाहरणासाठीं असें मानूं कीं, २० पाहुणे १० दिवस काम करणार व प्रत्येकाचा प्रवास-निवासाचा खर्च १ लाख रुपये. एकूण खर्च २० लाख, व मिळालें काम २०० माणसी दिवस. हे २०० दिवस वीट लावण्याची संवय नसलेल्या शिक्षकाचे, दुकानदाराचे व विद्यार्थ्याचे आहेत. आतां एका गंवड्याचा व त्याच्या हाताखालील बिगाऱ्याचा मिळून रोज १,५०० रुपये धरला, तर त्याच २० लाखांत अशा जोडीचे १,३०० हून अधिक दिवस होतात. म्हणजे सुमारें १३ जोड्यांस १०० दिवस काम, तेंही ऐन चणचणीच्या वेळीं.

यावर पाहुण्यांचें एक उत्तर असतें, व तें न्यायाचें आहे. ते म्हणतात, "हा पैसा आम्हीं आमच्या प्रवासासाठीं उभा केला, प्रवास नसता तर तो तुमच्या दुष्काळास मिळालाच नसता." खरें आहे. दुसऱ्याच्या खिशांतील पैशावर आपला हक्क नाहीं. सबब प्रवासखर्च ही आपली तक्रार असूं नये. आपली तक्रार एवढीच असावी कीं, पाहुणा जें काम फुकट करतो तें काम गांवांतील कोणाच्या तरी रोजाचें होतें. सुकाळांत ही हानि जाणवत नाहीं. दुष्काळांत मात्र फुकट मजूर म्हणजे गांवच्या गंवड्याच्या ताटांतील भाकरी काढून त्यास मोफत भिंत दाखविणें होय.

दुष्काळ-निवारणाच्या शास्त्रानें हें तत्त्व फार पूर्वीं ओळखलें. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या कमिशननें १८८० सालीं दिलेल्या अहवालांत, धट्ट्याकट्ट्यांस सार्वजनिक कामावर मजुरी द्यावी व अशक्तांस अन्न द्यावें, हा पाया घातला. त्या काळची मजुरी अपुरी होती आणि नियम कठोर होते, तरी दिशा बरोबर होती. पुढें १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर एके वेळीं ५० लाखांच्या आसपास माणसें राबत होतीं, आणि मोठा मनुष्यसंहार टळला. त्याच सुमारास राज्यभर पसरलेल्या रोजगार हमी योजनेचें बीज आपल्याच सांगली जिल्ह्यांतलें आहे. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं तासगांव तालुक्यांत तिचा आरंभींचा प्रयोग केला; १९७७ सालीं तिचा कायदा झाला. ज्या मातींतून "हाताला काम" हा हक्क उगवला, तेथें फुकट हातांचें स्वागत करतांना दोनदां विचार केला पाहिजे.

अमेरिकेंतील ख्रिस्ती अभ्यासकांनींही हा विचार केला आहे. १९९८ च्या 'मिच' वादळानंतर होंडुरास देशांत अशा मंडळ्यांनीं पुष्कळ घरें बांधलीं. कॅल्व्हिन कॉलेजचे कर्ट व्हेर बीक यांनीं तेथें जाऊन, परदेशी टोळ्यांनीं बांधलेल्या व स्थानिकांनीं बांधलेल्या घरांतील कुटुंबांची तुलना केली. घर कोणीं बांधलें यामुळें कुटुंबांच्या आयुष्यांत फरक पडल्याचें त्यांस आढळलें नाहीं; परंतु टोळीच्या सफरीचा खर्च एका घराच्या किमतीच्या अनेक पट होता. शिवाय परत गेलेल्या स्वयंसेवकांच्या मनावरचा परिणामही बहुधा थोड्याच दिवसांत ओसरतो, असें त्यांचें मत पडलें. टीका बाहेरच्याची नाहीं, घरच्याची आहे, म्हणून तिला वजन आहे.

कामाच्या दृष्टीनें आणखी दोन अडचणी आहेत. पहिली पाण्याची. सिमेंटच्या कामावर निदान सात, आणि बहुधा दहा-चौदा दिवस पाणी मारावें लागतें. तें न मारल्यास भिंतीस तडे जातात व स्लॅब कच्चा राहतो. दहा दिवसांचा पाहुणा निघतो तेव्हां पाणी मारण्याचें काम अर्धेंच झालेलें असतें, आणि ज्या वाडीस पिण्याचें पाणी टँकरनें येतें तेथें हें पाणी कोणीं द्यावयाचें? पाश्चात्त्यांची मोठी सुटी जून ते ऑगस्टांत येते. आपला पाऊस व पेरणी नेमकी तेव्हांच. डिसेंबरांतील सुटीस विहिरींत कांहीं पाणी असतें, एवढेंच काय तें सोयीचें.

दुसरी अडचण घराच्या घडणीची. माणदेशांतील जुनें घर दगड-मातीचें, वर माळवद, पुढें जनावरांची जागा, मागें वैरणीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि अनेक उदार संस्थांनीं गांवें दत्तक घेऊन बांधून दिलीं. भिंती मजबूत झाल्या. परंतु कित्येक ठिकाणीं शहरी धर्तीच्या सरळ रांगा, रुंद रस्ते व लहान खोल्या यांमुळें गोठा, कणगी व शेजार यांस जागाच उरली नाहीं. याउलट आसपासच्या विस्तृत भागांत सुमारें दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती घरमालकांच्याच हातीं सोंपविली गेली, गांवच्या स्त्रियांस मदतनीस म्हणून शिकवून तयार केलें गेलें, आणि तें काम लोकांच्या अंगवळणीं पडलें. देणारानें नकाशा आणावा व घेणारानें फक्त किल्ली घ्यावी, या पद्धतीचा दोष परदेशी पाहुण्यांपुरता नाहीं. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या आपल्या मंडळांतही तो आहे.

मग अंगमेहनतीचें दान सर्वस्वीं त्याज्य काय? तसें नाहीं. २०१६ सालीं पहिल्या 'वॉटर कप' स्पर्धेंत सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्याच्या वेळू गांवानें पहिला क्रमांक मिळविला. तेथें श्रमदान केलें तें गांवानें, स्वतःच्या शिवारासाठीं, स्वतः शिकून घेतलेल्या पद्धतीनें. बांध कोठें घालावा हें ज्यास कळलें तोच पुढल्या वर्षीं तो दुरुस्त करतो. बाहेरचा मनुष्य अशा कामांत सामील झाला तर त्यानें कोणाचा रोज हिरावला असें होत नाहीं. तो गांवच्या कामांत पाहुणा असतो, गांव त्याच्या कामांत पाहुणा नसतो.

धर्माच्या प्रश्नासंबंधीं दोन शब्द स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें धर्म पाळण्याचें व त्याचा प्रचार करण्याचें स्वातंत्र्य सर्वांस दिलें आहे, आणि मिरजेच्या रुग्णालयाचा उपकार सर्व जातिधर्मांच्या लोकांनीं घेतला आहे. परंतु भुकेला मनुष्य हा स्वतंत्र बुद्धीनें संमति देण्याच्या स्थितींत नसतो, हें करारशास्त्रही जाणतें. म्हणून आपत्तींतील साह्य कोणत्याही धर्ममताच्या प्रसारासाठीं वापरूं नये, असा नियम रेडक्रॉस चळवळ व इतर साह्यकारी संस्था यांनीं १९९४ सालीं आखलेल्या आचारसंहितेंत आहे. तोच नियम मिशनास, देवस्थानास, मठास व राजकीय पुढाऱ्यास सारखाच लावावा. घराच्या भिंतीवर देणाराचें नांव रंगविण्याचा आग्रह धरणाऱ्या आपल्या दात्यांनींही तो स्वतःस लावून पाहावा.

आतां कायद्याच्या बाबी. ज्या जागेवर इमारत उभी राहावयाची, तिची मालकी आधीं निश्चित असली पाहिजे. तोंडी दिलेल्या जागेवर बांधलेली शाळा पुढच्या पिढींत वाटपाच्या दाव्यांत सांपडते. १८८२ च्या मिळकत हस्तांतर कायद्याच्या १२३ व्या कलमान्वयें स्थावराचें दान नोंदणीकृत व दोन साक्षीदारांनीं साक्षांकित केलेल्या लेखानेंच पुरें होतें. परदेशी पैसा २०१० च्या परकीय देणगी नियमन कायद्याखालीं नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेसच घेतां येतो. २०२० च्या दुरुस्तीनें तो नवी दिल्लींतील स्टेट बँकेच्या नेमलेल्या शाखेंतील खात्यांतच प्रथम यावा लागतो, आणि एका संस्थेनें घेतलेला असा पैसा दुसरीस वर्ग करतां येत नाहीं. सबब पाहुण्यानें प्रेमानें गांवच्या मंडळाच्या हातीं ठेवलेली रोकड ही मंडळास संकटांत घालणारी वस्तु आहे. मिशनरी कार्यासाठीं व्हिसाचा वेगळा प्रकार आहे. सहलीच्या व्हिसावर येऊन तें कार्य करणें नियमास धरून नाहीं. हीं पथ्यें आधीं सांगितलीं तर पाहुण्यास राग येत नाहीं. मागाहून चौकशी आली तर मात्र सर्वांसच मनस्ताप होतो.

या सर्वांचें तात्पर्य असें कीं, अशी योजना घेऊन कोणी आपल्याकडे आला तर त्यास पुढील प्रश्न विचारावे. हें काम गांवानें मागितलें आहे काय, व तें ग्रामसभेंत ठरलें आहे काय? पाहुणा नसता तर या कामावर कोणास रोज मिळाला असता, व तो रोज त्यास आतांही मिळणार आहे काय? पाहुण्यांपैकीं किती जणांस असें कांहीं येतें, जें गांवांत कोणास येत नाहीं? तें ते कोणास शिकवून जाणार? पाण्याची तजवीज काय? आणि पांच वर्षांनीं गळतें छप्पर दुरुस्त करण्याचा खर्च कोणाच्या शिरावर?

उत्तरें समाधानकारक असतील तर आनंदानें बोलवावें, परंतु आपल्या अटींवर. विसांऐवजीं पांच यावेत. त्यांत एखादा एंजिनिअर, एखादा विजेचा जाणकार, एखादा वैद्य असावा. दहा दिवसांऐवजीं तीन महिने राहावें, तेंही पावसाळा सरल्यावर. आणि त्यांनीं गांवच्या गंवड्याच्या हाताखालीं काम करावें, त्याच्या वर नव्हे. ज्यांस एवढें शक्य नाहीं त्यांनीं नोंदणीकृत संस्थेमार्फत पैसा पाठवावा, आणि नंतर सवड होईल तेव्हां पाहुणे म्हणून येऊन बांधलेलें पाहावें, गांवांत जेवावें, बोलावें. त्यांच्या येण्यांतील स्नेह खरा असतो, आणि तो नाकारणें आपल्या आतिथ्यास शोभणारें नाहीं.

येथील दात्यांसही हीच विनंति. खानापूर-आटपाडीकडील आपले गलाई बंधु सोन्या-चांदीच्या धंद्यानिमित्त देशभर पसरले आहेत, आणि गांवच्या शाळा-मंदिरांसाठीं ते मोठ्या ममतेनें पैसा पाठवितात. त्यांनीं व आपण सर्वांनीं बांधकामास देणगी देतांना सिमेंट-लोखंडाच्या आंकड्याशेजारीं मजुरीचा आंकडा वेगळा लिहून मागावा, आणि हजेरीपटांत त्याच तालुक्यांतील माणसांचीं नांवें आहेत कीं नाहींत तें पाहावें. टंचाईच्या सालीं तर मजुरीचा भाग प्रथम राखून ठेवावा व इमारतीचा आकार त्याप्रमाणें लहान करावा. खोली एक कमी झाली तरी चालेल; ती बांधतांना तालुक्यांतील पन्नास घरांच्या चुली दोन महिने पेटल्या कीं नाहीं, हें हजेरीपटावरून कोणासही तपासतां येईल.